'पश्चात्ताप होतो' की 'पश्चात्ताप करा'?

प्रश्न असा आला आहे: बोलताना आपण 'मला पश्चात्ताप झाला' म्हणतो. मग बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात आधी बाप्तिस्मा देणारा योहान आणि नंतर येशू 'पश्चात्ताप करा, कारण स्वर्गाचे राज्य जवळ आले आहे' असं कसं म्हणतात? जे आपोआप होतं, ते करा म्हणून कसं सांगायचं?

शंका रास्त आहे. मराठीत एखाद्याचा राग येतो तेव्हा आपला इलाज नसतो. त्याचा राग राग करायला लागलो की ती आपली करणी. पश्चात्ताप, म्हणजे मागाहून होणारा ताप, एरवी पहिल्या गटातला. बायबलने त्याला दुसऱ्यात नेऊन बसवलं, कारण मूळ ग्रीक क्रियापदात तापाचा मागमूस नाही. त्या क्रियापदाचं नाम 'मेतानोइया'; त्यातला 'नूस' म्हणजे मन, बुद्धी. मन पालटा, असा तो कर्तरी आज्ञार्थ आहे, आणि तोही वर्तमानकाळाचा, म्हणजे चालू राहणाऱ्या क्रियेचा.

नुसत्या तापासाठी मत्तयाकडे निराळं क्रियापद आहे: 'मेतामेलोमाइ'. येशूला पैशांसाठी धरून देणारा त्याचा शिष्य यहूदा, त्याच्या बाबतीत (27:3) तो तेच वापरतो. यहूदाला केल्याचं वाईट वाटलं, चांदीची तीस नाणी त्याने मंदिरात फेकली आणि जाऊन गळफास घेतला. ताप पुरेपूर होता, पण तो कोणाकडे वळला नाही.

उलट लूकच्या शुभवर्तमानातल्या (अध्याय 15) येशूच्या दाखल्यातला, घर सोडून गेलेला धाकटा मुलगा बघा. डुकरं राखताना त्याला आठवते ती बापाच्या घरच्या मजुरांची भाकरी. पश्चात्तापाची सुरुवात पोटापासून झाली म्हणून लूक नाक मुरडत नाही. मराठी बायबल म्हणतं, तो 'शुद्धीवर' आला. माझ्या मते 'मेतानोइया'च्या सर्वांत जवळचा मराठी शब्दप्रयोग हाच, जरी त्या जागी ग्रीकमध्ये तो शब्द नाही. घरी काय बोलायचं ते त्याने घोकून ठेवलं होतं: मी पाप केलंय, मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला मजूर म्हणून ठेवा. पण बाप लांबूनच धावत आला, गळ्यात पडला आणि शेवटचं वाक्य राहूनच गेलं!

जक्कयाचंही तसंच. उंबरावर चढून बसलेल्या त्या जकातदाराला येशू आधी खाली बोलावतो, तुझ्या घरी उतरायचंय म्हणतो; अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेलं चौपट परत, हे जक्कय त्यानंतर बोलतो. 'करा' हा शब्द म्हणूनच मला हुकमापेक्षा हाकेसारखा वाटतो. हाकेला ओ देता येते, किंवा न देता बसून राहता येतं. तेवढं आपल्या हातात असतं.

बदल मात्र सगळा आपल्या हातात नसतो, आणि तिथे मराठी अनुवादकांना दाद द्यावीशी वाटते. बायबलमधल्याच पौलाच्या रोमकरांस पत्रात (12:2) 'आपल्या मनाच्या नवीकरणाने स्वतःचे रूपांतर होऊ द्या' असं आहे. इथलं 'मन' म्हणजे तोच 'नूस', आणि ग्रीक क्रियापद आज्ञार्थी असूनही कर्मणी. 'करा' म्हटलं असतं तर कर्मणी सुटलं असतं, 'होते' म्हटलं असतं तर आज्ञा. 'होऊ द्या'त दोन्ही सांभाळलं गेलं.

तेव्हा मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आपल्या विश्वासाची साक्ष देताना कोणी 'मी पश्चात्ताप केला' म्हणालं, तर ते व्याकरणात चुकत नाही. लिहिताना फक्त दोन 'त' लिहा: पश्चात् + ताप. 'पश्चाताप' सर्रास दिसतं, पण ते अशुद्ध.