बॅकअपचं सॉफ्टवेअर निवडताना

भावा, आधी एक नीट समजून घे: सिंक, म्हणजे दोन ठिकाणच्या फाइली कायम एकसारख्या ठेवणं, हा बॅकअप नव्हे. सिंकमध्ये इकडे फाइल चुकून उडाली की तिकडचीही उडते. माझं तीन वर्षांचं डिझाइनचं काम असंच गेलं, म्हणून कळकळीनं सांगतोय. जुन्या आवृत्त्या जपणारंच सॉफ्टवेअर घे.

फक्त कागदपत्रं आणि फोटो असतील तर विंडोजमधली फाइल हिस्टरी पुरे. बाहेरचा हार्ड ड्राइव्ह जोडलेला असला की ती आपोआप दर तासाला बदललेल्या फाइली उचलते. फ्रीफाइलसिंकही फुकट आणि चांगलं आहे, पण त्यात ‘व्हर्जनिंग’, म्हणजे जुन्या आवृत्त्या जपणं, स्वतः चालू करावं लागतं, विसरू नकोस. मॅक असेल तर टाइम मशीन, दुसरं शोधूच नकोस.

विंडोजसकट अख्खी डिस्क परत हवी असेल तर वीम एजंटची फुकट आवृत्ती टाक. ड्राइव्ह जोडला की बॅकअप सुरू, आणि संपल्यावर ड्राइव्ह आपोआप इजेक्ट, म्हणजे कॉम्प्युटरपासून सुटा, अशी सोय त्यात आहे. ही सोय मला फार मोलाची वाटते, कारण कायम जोडलेला ड्राइव्ह रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) कॉम्प्युटरसोबतच लॉक करून टाकतं. विंडोज सुरूच झालं नाही तर ज्यावरून कॉम्प्युटर चालू करून बॅकअप परत टाकता येतो, तो रिकव्हरीचा पेनड्राइव्ह मात्र आजच बनवून ठेव.

ड्राइव्ह दोन घे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापुरातल्या शाहूपुरीत पाणी शिरलं होतं. तुझं दुकान तिथंच, तेव्हा एक ड्राइव्ह उंचावरच्या पाहुण्यांकडे ठेव आणि दर रविवारी अदलाबदल कर.

आणि महिन्यातून एकदा एखादी फाइल परत काढून, उघडून बघ.