चक्रीवादळ अचानक तीव्र होणार, हे विमानातील रडारमुळे आधी कळू शकते का?

आपला प्रश्न असा आहे की, चक्रीवादळ कुठे धडकणार हे आता दोन-तीन दिवस आधी बऱ्यापैकी बरोबर सांगितले जाते, मग ते किती तीव्र असेल याचाच अंदाज एवढा का चुकतो, आणि अमेरिकेत वादळाच्या पोटात विमाने नेऊन नेमके काय साधते. मी नागपुरात भौतिकशास्त्र शिकवतो. समुद्र इथून लांब असला तरी डॉप्लर रडार हा माझ्या आवडीचा विषय आहे, त्यामुळे उत्तरात रडारचा भाग थोडा लांबला तर समजून घ्यावे.

वादळाचा मार्ग मुख्यतः त्याच्याभोवती शेकडो-हजारो किलोमीटर पसरलेले वारे ठरवतात, आणि ते हवामानाच्या संगणकीय मॉडेलला चांगले पकडता येतात. तीव्रतेचा निर्णय मात्र समुद्राची उष्णता आणि भोवतालचे वारे यांच्याबरोबरच वादळाच्या ‘डोळ्या’भोवतीच्या, म्हणजे मधल्या शांत भागाभोवतीच्या, काही दहा किलोमीटरच्या कड्यात होतो. उपग्रहाला त्या कड्यावरचे ढगांचे छप्पर दिसते, छपराखाली काय चालले आहे ते फारसे दिसत नाही.

आता रडार. संक्रांतीला नागपुरातल्या महाल भागातल्या एखाद्या गच्चीवर आपण पतंग उडवत आहात असे समजा. पतंग दूर जाऊ लागला की चक्री गरगर फिरून मांजा सुटतो. पण तोच पतंग तेवढ्याच अंतरावरून डावीकडून उजवीकडे सरकला, तर चक्री जागची हलत नाही. डॉप्लर रडारचे अगदी असेच आहे. पावसाचे थेंब आपल्याकडे येत आहेत की आपल्यापासून दूर जात आहेत एवढेच त्याला कळते, आडवी गती कळत नाही. त्याच पतंगाला दुसऱ्या गच्चीवरूनही एक मांजा बांधलेला असता, तर दोन्ही चक्र्यांच्या हिशेबातून त्याची आडवी गतीही काढता आली असती.

अमेरिकेच्या ‘नोआ’ या हवामान व समुद्र संस्थेची पी-3 ओरायन विमाने हा दुसरा मांजा स्वतःच तयार करतात. विमानाच्या शेपटीत साधारण 3 सेंटीमीटर तरंगलांबीचे रडार असते. त्याची एक शलाका (रडारच्या लहरींचा झोत) किंचित पुढे व एक किंचित मागे कललेली असते, त्यामुळे जो पाऊस पुढच्या शलाकेने आधी पाहिला, तोच विमान पुढे सरकल्यावर मागची शलाका वेगळ्या कोनातून पाहते. दोन्हींच्या मेळातून वाऱ्याचे आडवे घटक मिळतात; एखाद्या ठिकाणी चहूबाजूंनी हवा येऊन साठत असेल तर ती वर जाणारच, या हिशेबाने उभी गतीही काढता येते. सुमारे 3 किलोमीटर उंचीवरून इंग्रजी 4 या आकड्यासारखी वाट धरत विमान डोळ्यातून दोनदा आडवेतिडवे गेले की वादळाच्या गाभ्याचे त्रिमितीय चित्र हाती येते. जिथे पाऊस नाही तिथे मात्र हे रडार आंधळे असते.

या चित्रांतून निघालेला मला सर्वांत मोलाचा वाटणारा निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. तीव्र होत जाणारी आणि स्थिर राहिलेली अशी अनेक वादळे हवामानशास्त्रज्ञ रॉबर्ट रॉजर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा तीव्र होणाऱ्या वादळांत सर्वांत जोमदार मेघस्तंभ (उंच वाढणारे गडगडाटी ढग) बहुधा कमाल वाऱ्याच्या कड्याच्या आत आढळले, तर स्थिर वादळांत ते कड्याबाहेर होते. म्हणजे मेघस्तंभ किती आहेत एवढेच पाहून भागत नाही, ते कुठे आहेत हे पाहावे लागते. कड्याच्या आत हवा इतक्या वेगाने फिरत असते की तिथे सुटलेली उष्णता सहज पांगत नाही, केंद्रातील दाब घसरतो, आणि बाहेरची हवा आत खेचली जाताना, फिरत्या स्टुलावर बसून पसरलेले हात जवळ घेणाऱ्या विद्यार्थ्यासारखी, अधिक वेगाने फिरू लागते. मेघस्तंभ कड्याबाहेर असले तर ते हवा स्वतःकडेच ओढतात आणि कड्याला तिचा फारसा लाभ होत नाही.

हे वारे विमानातच तपासून, छाटून उपग्रहामार्फत पाठवले जातात आणि मॉडेलने आधी मांडलेल्या चित्रात दुरुस्ती करतात. ‘एचडब्ल्यूआरएफ’ या चक्रीवादळांच्या अमेरिकी मॉडेलमध्ये शेपटीच्या रडारची निरीक्षणे 2013 पासून नियमित वापरात आली; 2023 मध्ये ‘हॅफ्स’ हे नवे मॉडेलही वापरात आले. इथे एक गंमत आहे. मोजलेले वारे खरे असूनही काही तीव्र वादळे मॉडेलमध्ये पहिल्या काही तासांतच खोटी मंदावत, कारण त्या वाऱ्यांना साजेसे तापमान व दाब मॉडेलला धरून ठेवता येत नव्हते. अचूक मापन मिळाले की अंदाज आपोआप सुधारतो, हा समज माझाही होता.

विमान नसले तर काय होते, याचे उदाहरण 2023 च्या ऑक्टोबरातील ‘ओटिस’. मेक्सिकोतील अकापुल्कोजवळ ते ताशी सुमारे 260 किलोमीटर वेगाचे वारे घेऊन धडकले. एक दिवस आधीच्या अंदाजांत त्याची चाहूलही नव्हती. आदल्या दुपारी विमान आत शिरले, तेव्हा कुठे उपग्रहावरून बांधलेला अंदाज फारच कमी होता हे लक्षात आले.

आपल्याकडे वादळात नियमित विमाने पाठवली जात नाहीत. डॉप्लर रडार नागपुरातही आहे आणि किनाऱ्यावरही आहेत, पण पृथ्वीच्या गोलाईमुळे आणि शलाकेच्या किंचित चढामुळे 200 किलोमीटरवर त्यांची सर्वांत खालची शलाका सुमारे 4 किलोमीटर उंचावलेली असते, म्हणजे वाऱ्याचा खरा जोर असतो त्या थराच्या बरीच वर. म्हणून बंगालच्या उपसागरातील वादळ किनाऱ्यापासून दूर असताना बातमीपत्रात ‘ताशी इतके किलोमीटर’ असा आकडा आला, तर तो बहुतेक वेळा ढगांच्या ठेवणीवरून बांधलेला असतो, असे धरून वाचावे. 2020 मध्ये ‘अम्फान’ 16 मे रोजी साधे चक्रीवादळ होते आणि 18 मे रोजी महाचक्रीवादळ झाले, तेव्हा ते भर समुद्रातच होते.