विज्ञानकथा मालिकांच्या भागांवरून लिहिलेल्या कादंबऱ्या मूळ भागांच्या तोडीच्या असतात का?

आपण विचारले आहे की, दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथा मालिकांच्या भागांवरून ज्या कथा-कादंबऱ्या लिहिल्या गेल्या त्या मूळ भागांच्या तोडीच्या असतात का, आणि भाग पाहिलेला असताना त्या वाचण्यात काही हशील आहे का. ‘स्टार ट्रेक’चे एक जुने पुस्तक आपल्या हाती आले, त्यातील प्रसंग पाहिलेल्या भागाशी जुळेनात, तेव्हा लेखकाने तो भाग पाहिलाच नसावा अशी शंकाही आपण बोलून दाखवली आहे. पुस्तक जेम्स ब्लिश यांचे असेल, तर आपली शंका बहुधा खरी आहे. ब्लिश यांनी १९६७ पासून या मालिकेच्या भागांच्या कथा लिहिल्या त्या चित्रित भाग पाहून नव्हे, तर हाती आलेल्या संहिता वाचून. आणि त्या संहिता पुष्कळदा चित्रीकरणाच्या आधीच्या असत. सेटवर बदललेले संवाद, संकलनात उडालेले प्रसंग, नटाने ऐनवेळी घेतलेली एखादी जागा, यांतले काही त्यांच्यापर्यंत पोहोचलेलेच नसे. शिवाय पन्नासएक मिनिटांच्या भागाला त्यांच्याकडे वीसएक पाने असत. तेव्हा ही पुस्तके भागाची हुबेहूब नक्कल म्हणून तपासली तर ती नापास होणार, हे उघड आहे.

मी कोल्हापुरात कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो आणि माझी या पुस्तकांशी ओळख उलट्या वाटेने झाली. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी ‘स्टार ट्रेक’ लागत असे, तेव्हा मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी एक जण गच्चीवर अँटेना फिरवायला आणि बाकीचे खाली ‘आलं, आलं, गेलं’ असे ओरडायला, अशी विभागणी होती. पडद्यावर निम्मा वेळ मुंग्याच दिसत. पुढे लक्ष्मीपुरीतल्या एका रद्दीच्या दुकानात काट्यावर तोलून घेतलेल्या इंग्रजी पुस्तकांत ब्लिश यांचे दुसरे पुस्तक निघाले, आणि शब्दकोश शेजारी ठेवून मी ते वाचून काढले. त्यामुळे कित्येक भाग मी आधी वाचले आणि पाहिले ते वीस वर्षांनी, संगणकावर. माझ्या दृष्टीने पुस्तक हेच मूळ होते आणि भाग हे त्याचे रूपांतर. आपल्या प्रश्नाचे उत्तर देताना हा माझा पूर्वग्रह आपण लक्षात ठेवावा.

मराठी वाचकाला या पुस्तकांचे मोल चटकन पटत नाही, त्याचे एक कारण मला असे वाटते की आपल्याकडे हा प्रवास नेहमी दुसऱ्या दिशेने झाला आहे. आधी साने गुरुजींचे पुस्तक आणि मग १९५३ साली आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’, हा आपला परिचित क्रम. त्यात पुस्तक म्हणजे अस्सल आणि पडदा म्हणजे उतरवून घेतलेले. क्रम उलटला की आपण तोच न्याय उलटा लावतो आणि पुस्तकाला उष्टे ठरवतो. पडद्याला अंतःकरणातले बोलता येत नाही, पैसा संपला की कल्पना आवरती घ्यावी लागते आणि वेळेचे बंधन तर असतेच. या तिन्ही कारणांनी पडद्यावर जी उधारी राहते ती पुस्तकाने फेडली का, एवढेच मी पाहतो. ज्या लेखकाचे पडद्यावरच्या भागाशी मनातून काही भांडण होते, त्याचे पुस्तक मला जवळजवळ नेहमीच चांगले वाटले आहे. ज्याचे काहीच भांडण नव्हते, त्याने सूचनाबरहुकूम टंकलेखन केले आहे.

या भांडणाचे सर्वांत छोटे आणि मला सर्वांत आवडणारे उदाहरण रॉड सर्लिंग यांचे आहे. त्यांच्या ‘द ट्वायलाइट झोन’ या मालिकेचा पहिला भाग २ ऑक्टोबर १९५९ रोजी प्रसारित झाला. ओस पडलेल्या गावात एक माणूस एकटाच भटकतो. शेवटी कळते की तो हवाई दलातील अवकाशयात्रेचा एक उमेदवार असून एकांतवासाच्या चाचणीत बंद पेटीत बसून त्याला हे सारे भास होत होते. हा खुलासा सर्लिंग यांना स्वतःलाच फिका वाटत असे. १९६० साली आपल्याच संहितांच्या त्यांनी कथा केल्या, तेव्हा बाकी सर्व तसेच ठेवून त्यांनी एक भर घातली: त्या माणसाच्या खिशात चित्रपटगृहाचे तिकीट सापडते, जिथे तो केवळ भासात गेला होता. एवढ्या एका चिठोऱ्याने ‘सगळे स्वप्न होते’ हा खुलासा मोडून पडतो. यासाठी ना जास्तीचा पैसा लागला, ना जास्तीची पाने. लागली ती फक्त दुसरी संधी.

आता ब्लिश यांच्याकडे पुन्हा येतो, कारण त्यांच्या दुसऱ्या पुस्तकात (१९६८) ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर’ आहे आणि त्या एका कथेवर मी माझे मत एकदा बदलले आहे. भाग ६ एप्रिल १९६७ रोजी प्रसारित झाला. काळाच्या दारातून १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये पोहोचलेला यानाचा कप्तान कर्क एका समाजसेविकेच्या प्रेमात पडतो आणि मग त्याला समजते की ती वाचली तर तिच्या शांततेच्या चळवळीमुळे अमेरिका युद्धात उशिरा उतरेल आणि हिटलर जिंकेल. तेव्हा तिला मरू द्यायला हवे. हार्लन एलिसन यांनी लिहिलेली मूळ संहिता निर्मात्यांनी पुष्कळच बदलली आणि एलिसन यांनी तो राग पुढे आयुष्यभर जपला. गंमत अशी की प्रसारित भागाला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला आणि एलिसन यांच्या मूळ संहितेला अमेरिकेतील लेखक संघाचा. ब्लिश यांच्यासमोर दोन्ही रूपे होती आणि त्यांनी दोन्हींतले उत्तम तेवढे एकत्र करण्याचा प्रयत्न केला, म्हणजे वकील न नेमता त्या तंट्यात एक प्रकारचा निवाडाच दिला.

या निवाड्यामुळे शेवट बदलतो. पडद्यावर कर्क डॉक्टर मॅकॉयला धरून ठेवतो, रस्त्यावर ती गाडीखाली येते, तू काय केलेस हे तुला कळते का असे मॅकॉय कर्कला विचारतो आणि सहकारी स्पॉक एवढेच म्हणतो की त्याला कळते. कर्क पाठ फिरवून मूठ आवळून उभा असतो. ब्लिश यांच्या कथेत मात्र स्पॉक त्याची समजूत घालतो, आणि एका स्त्रीवरच्या प्रेमासाठी अवघे विश्व पणाला लागू शकते ही एलिसन यांची कल्पना तिथे शब्दांत येते. चौदाव्या वर्षी मी ती ओळ वहीत उतरवून घेतली होती. पुढे भाग पाहिला तेव्हा ती ओळ आली नाही आणि कोणीतरी शेवट कापला आहे अशीच माझी पक्की समजूत झाली. मी फीत मागे नेऊन पुन्हा पाहिली. आज विचाराल तर मला पडद्यावरची मूठ अधिक मोलाची वाटते. स्पॉकसारखा मितभाषी माणूस जेव्हा दुःखाचा अर्थ समजावून सांगू लागतो तेव्हा दुःख थोडे स्वस्त होते. नटाचे मौन ही पुस्तकाला न परवडणारी चीज आहे आणि याच कारणासाठी स्पॉक साकारणाऱ्या लिओनार्ड निमॉय यांची उंचावलेली भुवई कोणत्याही पुस्तकात नीट उतरलेली नाही. ‘त्याने भुवई उंचावली’ हे वाक्य चौथ्यांदा आले की वाचक पान उलटतो.

पैशाच्या उधारीचे उदाहरण ब्रिटिश मालिका ‘डॉक्टर हू’मध्ये सापडते. आमच्या गल्लीतले एक काका जयप्रभा स्टुडिओत सेटच्या सुतारकामाला जात असत. ते सांगत की पडद्यावरचा बुरूज म्हणजे फळ्या, गोणपाट आणि रंग. कॅमेरा दोन हात बाजूला सरकला की स्वराज्य संपते. शाहीर डफावर थाप मारून वीस हजार मावळे उभे करतो आणि त्याला एकाचीही मजुरी द्यावी लागत नाही. माल्कम हल्क यांनी १९७० साली या मालिकेसाठी सात भागांची एक कथा लिहिली: डर्बीशायरमधील अणुसंशोधन केंद्राजवळच्या गुहांत मानवापूर्वीची एक बुद्धिमान सरपटणारी जमात निद्रेतून जागी होते आणि पृथ्वी आपली आहे असे म्हणते. पडद्यावर हे प्राणी रबरी पोशाखात मान डोलवत येतात आणि एकमेकांना नावानेही हाक मारत नाहीत. ‘म्हातारा’, ‘तरुण’, ‘शास्त्रज्ञ’ एवढीच त्यांची ओळख. १९७४ साली हल्क यांनी स्वतःच याची कादंबरी लिहिली, ‘डॉक्टर हू अँड द केव्ह-मॉन्स्टर्स’, आणि ती मी या प्रकारातील उत्तम पुस्तकांत धरतो. पुस्तक सुरू होते तेच त्या प्राण्यांच्या बाजूने. पृथ्वीकडे एक छोटा ग्रह येताना त्यांना दिसतो, प्रलयाच्या भीतीने ते भूगर्भातील आश्रयस्थानात निजायला जातात. ओकडेल, मॉर्का, क्टो अशी त्यांना नावे आहेत, आपसात मतभेद आहेत आणि मानवाचे पूर्वज त्यांना पिकांची नासाडी करणारी केसाळ जनावरे वाटतात. शेवट पडद्यावरचाच आहे, सैन्य गुहा उडवून देते. पण पडद्यावर आपण हळहळतो आणि पुस्तकात शरमिंदे होतो, कारण आता मेलेल्यांची नावे आपल्याला ठाऊक असतात.

भौतिकशास्त्राचा शिक्षक असल्यामुळे एक कुरकूर नोंदवतो. या प्राण्यांना मालिकेने ‘सिल्युरियन’ म्हटले. सिल्युरियन कालखंड सुमारे ४४ ते ४२ कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा सरपटणारे प्राणीच नव्हते, मग केसाळ वानरे कुठली! १९७२ च्या पुढच्या कथेत मालिकेचा नायक डॉक्टर स्वतः ही चूक मान्य करून ‘इओसीन’ हे पुष्कळ नंतरच्या कालखंडाचे नाव सुचवतो, तर ते लोक पहारेकरी म्हणून डायनासोर पाळणारे, आणि डायनासोर त्याच्याही आधी, ६.६ कोटी वर्षांपूर्वी, संपलेले. असो.

जिथे उधारी नाही तिथली गोष्ट थोडक्यात सांगतो. टेरन्स डिक्स यांनी ‘डॉक्टर हू’ची साठाहून अधिक रूपांतरे केली, त्यांच्या सुबोध गद्यावर ब्रिटनमधील मुलांची एक पिढी वाचायला शिकली, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे आणि सुरुवातीची काही पुस्तके तर सुरेखच आहेत, पण पुढे पुढे महिन्याचा हप्ता भरावा तशी ती येत गेली आणि त्यांत संवाद व ‘तो म्हणाला’ यांपलीकडे फारसे उरले नाही. याच्या उलट टोकाला अ‍ॅलन डीन फॉस्टर. ‘स्टार ट्रेक’च्या अ‍ॅनिमेशन मालिकेचे २२ भाग त्यांनी १९७४ ते १९७८ या काळात दहा पुस्तकांत बसवले, पहिल्या सहांत तीन-तीन भाग आणि शेवटच्या चारांत एकेकच. अर्ध्या तासाच्या भागाची अख्खी कादंबरी करायची म्हणजे आमटीत पाणी वाढवणे आले. फॉस्टर मोठे कुशल आचारी असल्यामुळे त्यांनी पाण्याऐवजी नवी भाजीच घातली, म्हणजे स्वतःचे संपूर्ण कथानक जोडले. तरी सांधा दिसतोच.

डेव्हिड व्हिटेकर यांचे १९६४ चे, ‘डॉक्टर हू’मधील डालेक या शत्रूंवरचे पुस्तक या दोघांपेक्षा वेगळे. त्यांनी गोष्ट इयान या शिक्षकाच्या तोंडून प्रथमपुरुषी सांगितली आणि पडद्यावरची शाळेतली सुरुवात सरळ रद्द करून धुक्यातल्या अपघाताने आरंभ केला. मालिकेच्या इतिहासाशी ते जुळत नाही आणि मला त्याचे काही वाईट वाटत नाही.

आपण विचारले नसले तरी एक प्रकरण सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण त्याचा एक धागा आमच्या गावाशी जुळतो. जयंत नारळीकर यांचा जन्म १९३८ साली कोल्हापुरात झाला. ते केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करत होते त्याच काळात, १९६१ च्या शरद ऋतूत, हॉइल आणि जॉन एलियट यांची ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही सात भागांची मालिका बीबीसीवर आली. अँड्रोमेडाच्या दिशेने रेडिओ संदेश येतो, त्यात एक संगणक बांधण्याची कृती असते आणि तो संगणक पुढे एक जिवंत स्त्री घडवतो; ती भूमिका तेव्हा नवख्या असलेल्या ज्युली ख्रिस्ती यांनी केली. १९६२ साली दोघांनी मिळून तिची कादंबरी केली. तिच्यात व्यक्तिरेखा जेमतेम आहेत, पण संदेश उलगडण्याची प्रक्रिया आणि ‘हे यंत्र कोणाच्या हितासाठी विचार करते’ हा वाद यांत एका खऱ्या शास्त्रज्ञाचा हात जाणवतो. नारळीकरांनी पुढे मराठीत विज्ञानकथा लिहिल्या त्यामागे गुरूचे हे उदाहरण होतेच.

भाग आधी पाहावा की पुस्तक आधी वाचावे, असे आपण शेवटी विचारले आहे. ‘द सिटी…’ आधी पाहावा, हल्क यांचे पुस्तक आधी वाचावे. ‘ए फॉर अँड्रोमेडा’च्या बाबतीत निवडीला वाव नाही. त्या काळी जुन्या चित्रणांची जपणूक होत नसे, आणि सात भागांपैकी आज सहावा तेवढा अखंड उपलब्ध आहे. तो पाहून घ्यावा; त्याच्या आधीचे पाच आणि नंतरचा एक पुस्तकातच आहेत.