मोजलेला आकडा जप

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

मत्स्यसाठ्यांचं गणित शिकून पुढे देवमाशांच्या शिकारीवरच्या नियंत्रणाचं काम करायचं म्हणतेस. फार बरं वाटलं. पण तिथे तुझी परीक्षा गणितात होणार नाही, हे आधी ऐक.

पन्नास-साठच्या दशकांत अंटार्क्टिकातल्या शिकारीचा कोटा 'ब्लू व्हेल युनिट'मध्ये ठरायचा. एक निळा देवमासा म्हणजे दोन फिन, अडीच हंपबॅक किंवा सहा सेई; या देवमाशांच्याच इतर जाती. हिशोब सगळा तेलाचा. कुठली जात किती उरली, याची त्यात दखलच नव्हती. निळे संपत आले तरी दिसेल तो निळा मारणंच फायद्याचं. शेवटी आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने चॅपमन, अ‍ॅलन आणि होल्ट या तिघा शास्त्रज्ञांना बोलावलं. पुढे गलंडही आले. 1963 मध्ये त्यांनी स्वच्छ सांगितलं: निळा आणि हंपबॅक यांची शिकार बंद करा, बाकीचा कोटा खूप खाली आणा. तरी पुढच्या हंगामाचा कोटा 10,000 युनिटचा ठरला, आणि जहाजांना तेवढे देवमासे मिळालेच नाहीत.

'पुरावा पक्का नाही' हे तुलाही ऐकवतील. तेव्हा आकड्यातली अनिश्चितता लपवू नकोस. पण आपण चुकलो तर त्याची किंमत कोण मोजणार, तेही त्याच पानावर लिही.

दुसरी गोष्ट मला जास्त जिव्हाळ्याची आहे. सोव्हिएत जहाजांनी दक्षिण महासागरात 2,710 हंपबॅक मारल्याचं कळवलं होतं. खरे 48,000 हून जास्त होते. 1966 च्या नोव्हेंबरात सोव्हिएत ताफ्यांनी आपल्या अरबी समुद्रात 238 मारले. इथले हंपबॅक अंटार्क्टिकाला जात नाहीत, बारा महिने इथेच राहतात. आज ते अगदी थोडे उरलेत. हे सगळं 1993 नंतर उजेडात आलं, कारण त्या जहाजांवरच्या काही शास्त्रज्ञांनी खऱ्या नोंदी जपून ठेवल्या होत्या. खोटे आकडे वर जात असताना ही माणसं डेकवर टेप लावून लांबी मोजत होती, पोटातलं भ्रूण तपासत होती. मला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे.

म्हणून मूळ वही कुणाच्या हवाली करू नकोस, प्रत दे. आणि पेन्सिलीनेच लिही. मिरकरवाड्याच्या जेटीवर बांगडे मोजताना माझ्या पहिल्या वर्षाची शाई खाऱ्या पाण्याने पसरली, ते आकडे आजही वाचता येत नाहीत.

तुझा,
सर