२००१ च्या पोर्शे बॉक्सस्टरला आफ्टरमार्केट ब्रेक कॅलिपर चालतील का? मुंबईत बदलून घेताना काय बघायचं?

तुमची गाडी साधी २.७ बॉक्सस्टर आहे. चालताना डावीकडे ओढते, पुढचं डावं चाक चटका बसेल इतकं तापतं. गॅरेजवाले म्हणतात दोन्ही कॅलिपर (पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा ब्रेकचा भाग) बदला, कंपनीच्या भागांची किंमत झेपत नाही आणि बाहेर सहा पिस्टनचे मोठे लाल कॅलिपर स्वस्तात मिळतायत.

आफ्टरमार्केट, म्हणजे बाहेरच्या कंपनीचे, चालतील, पण मूळ मापाचेच, आणि पुढची जोडी एकदम बदलायची. ते सहा पिस्टनवाले घेऊ नका. मात्र पैसे मोजण्याआधी अर्धा तास तपासणीला द्या, कारण या गाडीत कॅलिपर जाम झालाय असं वाटतं तेव्हा पुष्कळदा पिस्टन ठणठणीत असतात.

पुढची चाकं उचलून गाडी स्टँडवर घ्या. ब्रेक दाबून सोडा आणि डावं चाक हाताने फिरवा. गच्च असेल तर कॅलिपरचं ब्लीड निपल (हवा काढायचा छोटा स्क्रू) पाव फेरा सैल करा. थोडं ब्रेक ऑइल उडून चाक मोकळं झालं, तर ऑइलचा दाब मागे अडकतोय, म्हणजे दोष होस पाइपमध्ये किंवा मास्टर सिलिंडरमध्ये (पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलणारा भाग) आहे. निपल बंद करा, पुन्हा ब्रेक दाबून सोडा आणि आता होस जिथे बॉडीच्या लोखंडी पाइपला जोडलाय तो सांधा सैल करा. तिथे दाब सुटून चाक मोकळं झालं तर मास्टर बघा. तिथे सुटत नाही पण निपलला सुटतो, तर होस आतून फुगलाय. वीस-पंचवीस वर्षांचा रबरी होस बाहेरून नवा दिसतो आणि आतून बंद झालेला असतो. पेडलच्या जोराने ऑइल पुढे जातं, परत यायला जोर नसतो.

निपल उघडूनही चाक गच्चच राहिलं तर अडचण कॅलिपरमध्ये आहे. तरी आधी पॅड काढून बघा. पॅडचे कान ज्या खाचेत सरकतात तिथे स्टीलच्या पातळ पट्ट्या असतात. कॅलिपर ॲल्युमिनियमचा. पट्टीखाली ओल शिरली की ॲल्युमिनियम गंजून पांढरी भुकटी धरतं, ती फुगते, पट्टी उचलली जाते आणि पॅड खाचेत आवळला जातो. वरळी, वांद्रे, मरीन ड्राइव्हच्या खाऱ्या हवेत, त्यातून चार महिने पावसात कव्हरखाली उभी असलेल्या गाडीत हे हमखास होतं. पट्ट्यांचे स्क्रू काढायचे, खालची भुकटी खरवडून साफ करायची, पट्ट्या परत बसवायच्या. तांब्याचं ग्रीस इथे लावू नका, ॲल्युमिनियमशी त्याचं जमत नाही, गंज वाढतो. सिरॅमिक पेस्ट अगदी पातळ लावा. पिस्टन हलतायत पण रबर कडक झालंय, एवढंच असेल तर सील किटवर काम भागतं. कॅलिपर बदलायचाच तेव्हा, जेव्हा पिस्टनच्या भोकात खड्डे पडलेत, निपल तुटून आत राहिलंय किंवा आटे गेलेत.

आता खरेदी. बाजारात तीन प्रकार मिळतात: मूळ कॅलिपर सोडवून नवे सील घालून दिलेले, मूळ मापावर बनवलेली नवी नक्कल, आणि मोठे ब्रेक किट. मूळ कॅलिपर ब्रेम्बोने बनवलेला, चार पिस्टनचा, एकसंध ओतीव आहे. म्हणून चांगल्या ठिकाणी दुरुस्त केलेला मूळ कॅलिपर मी नव्या नकलेच्या आधी धरेन. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा चोर बाजारात कापलेल्या गाडीचा मिळाला तरी चालेल, पण तो तसाच बसवायचा नाही. उघडून, पिस्टन बघून, नवे सील घालूनच.

मोठ्या किटला मी ठाम नाही म्हणतो. मास्टर सिलिंडर एका दाबात ठरावीकच ऑइल ढकलतो. पुढच्या पिस्टनांचं एकूण क्षेत्रफळ वाढलं की जास्त ऑइल लागतं, पेडल खोल जातं. पुढच्या चाकांवर ब्रेकचा भार वाढतो, तिथे एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) लवकर जागं होतं आणि मागचे ब्रेक आपला वाटा उचलायच्या आतच पकड संपते. पावसात ओल्या रस्त्यावर मधल्या इंजिनच्या गाडीला हे अजिबात नको. बॉक्सस्टर एस या जास्त ताकदीच्या मॉडेलचे कॅलिपरही सरळ बसत नाहीत. एसची पुढची डिस्क ३१८ मिमी व्यासाची, २८ मिमी जाड असते. तुमची २९८ मिमी आणि २४ मिमी.

नकला हातात घेतल्यावर जुना कॅलिपर शेजारी ठेवून मापं घ्या: बोल्टच्या भोकांमधलं अंतर, प्रत्येक पिस्टनचा व्यास, ऑइलच्या भोकाचे आटे. भोकाच्या तळाची बैठकही बघा. आटे जुळतात पण पाइपच्या टोकाचा फुगा आणि बैठकीचा आकार जुळत नाही, असं होतं, आणि मग कितीही आवळलं तरी सांधा पाझरतो. दुसरं म्हणजे रंग. स्वस्त कॅलिपरवर पावडर कोटिंग सगळीकडे मारलेलं असतं. बोल्ट बसतो त्या सपाट भागावर रंगाचा थर राहिला तर तो काही दिवसांत दबतो आणि बोल्टचा ताण कमी होतो. तिथला रंग काढून धातू उघडा करा. पॅडच्या खाचेतला रंगही काढा, नवा पॅड बोटाने ढकलून सहज सरकला पाहिजे.

सोसायटीच्या उताराच्या पार्किंगमध्ये हे काम करू नका, सपाट जागाच हवी. मागच्या चाकांना अडण लावा. पाइपचा नट ११ मिमीच्या फ्लेअर पान्यानेच (नटाला जवळपास सगळीकडून धरणारा पाना) सोडा, साध्या पान्याने कोपरे झिजतात. हा नट कॅलिपर बोल्टवर असतानाच सैल करायचा, नंतर जोर लागत नाही. त्याआधी एक करा: ब्रेक पेडल दोनेक इंच दाबून सीटला काठी टेकवून ठेवा. मास्टरची परतीची छिद्रं बंद होतात आणि ब्रेक ऑइलची टाकी रिकामी होत नाही. टाकी रिकामी होऊन एबीएसमध्ये हवा शिरली की ती काढायला डायग्नोस्टिक मशीन लागतं.

नवा कॅलिपर बसवताना ब्लीड निपल वर आलं पाहिजे. डावा-उजवा उलटा झाला तर निपल खाली जातं आणि हवा कधीच निघत नाही. उलट्या कॅलिपरात पिस्टनही चुकीच्या जागी येतात. डिस्क कॅलिपरात शिरते त्या बाजूला लहान पिस्टन असतो, म्हणजे पॅड तिरका झिजत नाही. कॅलिपरचे बोल्ट नवे, ८५ न्यूटन मीटर. चाकाचे १३०. टॉर्क रेंचशिवाय नको. होस जुने असतील तर दोन्ही पुढचे होस याच वेळी बदला. डिस्कची किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, ती मोजून घ्या. पॅड दोन्ही चाकांचे नवे.

ऑइल डॉट ४, एक लिटरचा सीलबंद डबा. सिलिकॉनचं डॉट ५ यात चालत नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं: नव्या डॉट ४ चा उकळबिंदू निदान २३० अंश सेल्सिअस हवा, ओल धरलेल्याचा १५५ पर्यंत उतरला तरी ते प्रमाणात बसतं. म्हणून मुंबईत अर्धा उघडा राहिलेला डबा वापरू नये, आणि दर दोन वर्षांनी ऑइल बदलावं. शेवटी हवा काढायची. प्रत्येक कॅलिपरला आतलं आणि बाहेरचं अशी दोन निपल असतात. बरेच मेकॅनिक एकच सोडतात आणि पेडल स्पंजसारखं राहतं. चारही चाकं करा, दूरच्या चाकापासून सुरुवात करून. पेडल मारून हवा काढत असाल तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. पेडल तळापर्यंत गेलं तर जुन्या मास्टरचा सील कधीच न गेलेल्या खरबरीत भागात जातो आणि फाटतो. प्रेशर ब्लीडर (टाकीतून दाबाने ऑइल ढकलणारं साधन) मिळाला तर सगळ्यात बरं. रंगावर ऑइल सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट जोरात दाबून धरा. हळूहळू खाली जात असेल तर गाडी बाहेर काढायची नाही. सगळे सांधे कोरडे आहेत ना, तेही बोट लावून बघा. मग रविवारी पहाटे रिकाम्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा ब्रेक लावा, पूर्ण न थांबता, मध्ये थोडं अंतर सोडून. शेवटी काही किलोमीटर ब्रेक न लावता चालवून डिस्क थंड होऊ द्या. गरम डिस्कवर पॅड दाबून उभे राहिलात तर तिथे पॅडचा थर चिकटतो आणि पुढे स्टिअरिंग थरथरतं. घरी आल्यावर दोन्ही पुढच्या चाकांचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने बघा. डावं-उजवं जवळपास सारखं असायला हवं.

काढलेले मूळ कॅलिपर भंगारात देऊ नका. भोकं चांगली असतील तर सील घालून तेच पुढच्या वेळी बसवता येतील, आणि नसतील तरी दुरुस्त कॅलिपर विकणारे काही जण जुन्याच्या बदल्यात किंमत कमी करतात.