कपाटातली चित्रं कुणासाठी?

प्रश्न: मी ६१ वर्षांची निवृत्त शिक्षिका. रविवर्मा प्रेसची जुनी छापील चित्रं जमवते. पेन्शनमधले पैसे त्यात जातात. चित्रं कपाटात आडवी ठेवलेली असतात. दुपारी घर निजलं की मी एकटीच काढून बघत बसते. मुलगा म्हणतो, ‘लावायची नाहीत, विकायची नाहीत, मग घेतेस कशाला?’ सून फोटो काढून सगळ्यांना पाठवू म्हणते, ते मला नको वाटतं. ह्यांना मी किंमत निम्मी सांगते. मी स्वार्थी झाले आहे का?

उत्तर: नाही, ताई. तुम्ही त्या चित्रांकडे ज्या मायेनं बघता, त्यात कुणाचंही काही कमी होत नाही.

रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, म्हणून तर संस्थानिकांच्या महालांतली चित्रं साध्या घरांत पोचली. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. तेव्हा चित्र सपाट दगडावर काढून त्यावरून कागदावर छापत. एकेका रंगासाठी वेगळा दगड, आणि दर रंगाला कागद पुन्हा नेमक्या जागी बसवायचा! घरी आल्यावर कितीतरी बायकांनी लक्ष्मीच्या साडीवर खरीखुरी जर आणि टिकल्या चिकटवल्या. त्या बायकांचं आणि तुमचं नातं मला फार जवळचं वाटतं. १९७२ मध्ये छापखान्याला आग लागली. त्यामुळे घराघरांतून वाचलेला एकेक कागद मोलाचा आहे.

मुलाला सांगा, भिंतीवरचा उजेड या रंगांना फिकट करतो आणि पावसाळ्यातली ओल बुरशी आणते. अंधाऱ्या कपाटात आडवी ठेवता, हे योग्यच आहे. फक्त दोन चित्रांमध्ये आम्लविरहित कागद घाला, प्लॅस्टिक काढा, लॅमिनेशन तर अजिबात नको. कसर लागली नाही ना, ते अधूनमधून पाहा. एक भिंगही घ्या. दगडावरून छापलेल्या चित्रात हातानं दिलेले, लहानमोठे ठिपके दिसतात. अलीकडच्या ऑफसेट प्रतीत ते एकसारखे, ओळीनं मांडल्यासारखे असतात. पैसे मोजण्याआधी हे बघाच. खालच्या पट्टीवर छापखान्याचं नाव असतं, पण फ्रेमवाल्यांनी ती पट्टी बऱ्याचदा कापून टाकलेली असते. ती शाबूत असेल तर तुमचं नशीब.

मला खटकलं ते किमतीचं. मला वाटतं, तुमच्या मनाला बोचतंय तेही हेच. एकटीनं बघणं नव्हे. यजमानांना खरा आकडा सांगा. सुरुवातीला चिडतील, चिडू द्या. महिन्याला किती खर्चायचे ते दोघं मिळून ठरवा आणि त्या रकमेत कुणी विचारू नये, असंही ठरवून टाका. पेन्शन तुमची आहे, तेवढा हक्क आहे. एक वही घाला: चित्र कुठून घेतलं, केवढ्याला, कुठे फाटलंय. उद्या तुम्ही आजारी पडलात तर घरच्यांना हा गठ्ठा रद्दीसारखा वाटायला नको.

सुनेला फोटोसाठी नाही म्हणा, पण तिला टाळू नका. एखाद्या दुपारी बोलवा, एकच चित्र आणि भिंग तिच्या हातात द्या, आणि लगेच माहिती सांगायला सुरुवात करू नका. शिक्षिकेला हे जड जाईल. ती विचारेल तेवढंच सांगा.