कनात, कॅनॉल आणि आपला नळ

प्रश्न असा आहे: "इराणमधल्या यज्द शहराविषयी वाचताना 'कनात' हा शब्द सारखा भेटतो. तिथे तो जमिनीखालून पाणी आणणाऱ्या वाटेचं नाव आहे. आपल्याकडे कनात म्हणजे तंबूचा कापडी आडोसा. शब्द एकच का? आणि 'यज्दचा कनात' म्हणावं की 'यज्दची कनात'?"

आधी एक तक्रार. "वाळवंटात पाण्यावर तंबू ताणून सावली करत, म्हणून त्या कालव्यांना कनात म्हणतात" हे वाक्य मी आता इतक्यांदा ऐकलं आहे की कान विटले. असा तंबू यज्दमध्ये कोणी, कधी ताणलेला नाही. पाणी जमिनीच्या पोटातून वाहतं. त्याला सावली कशाला हवी? दोन शब्द सारखे ऐकू आले की मध्ये गोष्ट रचून मोकळं व्हायचं, ही खोड फार वाईट.

दुसरी तक्रार शहराच्या नावाची. 'याझ्द' नाही, 'यज्द'. तो लांब 'या' रोमन अक्षरांवरून वाचल्यामुळे आला आहे. मध्य फारसीत 'यज्द' म्हणजे देव, पारशांच्या धर्मग्रंथात, अवेस्तेत, 'यजत', संस्कृतातही 'यजत', म्हणजे पूजेला योग्य. यज्ञातला 'यज्' धातू तो हाच. शहराचं नाव याच शब्दावरून आलं असं मानतात. मुंबईतल्या कितीतरी इराणी कुटुंबांचे पूर्वज याच यज्दच्या आणि करमानच्या परिसरातले, तेव्हा निदान त्यांच्या गावाचं नाव तरी नीट घ्यावं.

आता कनात. तंबूची कनात आधी घेतो, कारण तिथे कोशांशी माझं भांडण आहे.

१८८६ साली निघालेल्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात युल आणि बर्नेल यांनी तंबूची कनात अरबी शब्दावरून आली असं सांगून टाकलं, आणि तेव्हापासून हेच गिरवलं जातं. मला ते मुळीच पटत नाही. फारसी लिपीत पाण्याची कनात आणि कापडाची कनात एकसारख्याच लिहितात. कोशकारांना लिपीने चकवलं असं माझं ठाम मत आहे. तुर्की भाषांत 'कनात' म्हणजे पंख. कझाक लोकांचा नमद्याचा, म्हणजे दाबून केलेल्या लोकरीचा, गोल तंबू पाहा. त्याची भिंत घडी घालता येणाऱ्या लाकडी जाळीच्या तुकड्यांची असते, आणि त्या एकेका तुकड्याला ते 'कनात'च म्हणतात. तंबू केवढा, हे सांगायचं तर सहा कनातींचा, आठ कनातींचा असं सांगतात. आणि आपला मंडपवाला? "मागच्या बाजूला चार कनाती लागतील, पुढं दोन." मोजमाप तेच, वस्तूही तीच: भिंतीचा एक सुटा, घडीचा तुकडा. छावणीतले आपले शब्द बघा. तोफ, कैची, चकमक ही तुर्की घरातली, आणि 'उर्दू' या शब्दाचा मूळ अर्थच छावणी. तोफेबरोबर तंबूची भिंतही त्याच छावणीतून आली असेल, तर तिच्यासाठी अरबस्तानात कशाला जायचं?

यावर कोणी म्हणेल की कनातीत ठरावीक अंतरावर बांबू घातलेले असतात, अरबीत 'कनात' म्हणजे बोरू किंवा भाल्याचा दांडा, म्हणून बांबूवरून नाव पडलं. लहानपणी जत्रेत तमाशाचा तंबू उभा राहताना मी तासन्‌तास बघत बसायचो. कनातीच्या कापडाला उभ्या नळीसारखे शिवलेले खोबे असतात, त्यांत बांबू सारतात. सगळे बांबू सारून झाले की चार माणसं कनात आडवी उचलत आणि एका झटक्यात उलगडत. त्या वेळी ती हुबेहूब पंख पसरल्यासारखी दिसायची. बांबूची बाजू मला समजते. पण बांबू तंबूत सगळीकडेच असतो. त्याच्यावरून एकट्या भिंतीला नाव पडावं, हे मनाला पटत नाही.

पाण्याची कनात मात्र अरबीच, त्याबद्दल वाद नाही. आणि खरा आनंद इथे आहे.

अरबी 'कनात'चा मूळ अर्थ बोरू, देवनळ, पोकळ दांड्याचं गवत. अक्कादी भाषेत 'कनू' म्हणजे बोरू, हिब्रूत 'काने'. या तिन्ही भाषा सेमिटिक कुळातल्या. हाच सेमिटिक शब्द ग्रीकांनी 'कान्ना' म्हणून उचलला, तिथून तो लॅटिनमध्ये 'कॅना' झाला, आणि पुढे त्याची प्रजा मोजता येईना. उसाला इंग्रजीत लागणारा 'केन' त्यातला. अंगणातल्या कर्दळीचं शास्त्रीय नाव 'कॅना', तेही त्यातलंच. आणि लॅटिन 'कॅनालिस', म्हणजे पाण्याची नळी, त्यावरून 'कॅनॉल'. धरणाखालच्या गावातला शेतकरी "डाव्या कॅनॉलला पाणी सुटलं का?" विचारतो आणि यज्दचा म्हातारा त्याच्या कनातीला पाणी किती आहे ते विचारतो, तेव्हा दोघांच्या तोंडी एकाच बोरूचे दोन फुटवे असतात. एक अरबीतून फारसीत गेला, दुसरा ग्रीक, लॅटिन, इंग्रजी असा वळसा घालून मराठीत आला.

याहून गोड गोष्ट पुढे आहे. संस्कृतात 'नल' किंवा 'नड' म्हणजे बोरूच. त्यावरून आपला नळ, नळी. सेमिटिक बोरूने जो प्रवास केला तोच आपल्या बोरूने स्वतंत्रपणे केला: आधी गवत, मग पोकळ दांडी, मग पाण्याची वाट. 'नळाला पाणी आलं' या रोजच्या वाक्यात आणि यज्दच्या 'कनात'मध्ये कल्पना अगदी एकच आहे. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती.

यज्द उभं आहे तेच या बोरूवर. दश्त-ए-कवीर आणि दश्त-ए-लूत या दोन वाळवंटांच्या अंगाला असलेलं हे मातीच्या विटांचं गाव. पाऊस जवळजवळ नाहीच. नैर्ऋत्येला शीरकूह नावाचा ४,००० मीटरहून उंच डोंगर, त्यावर पडणारं बर्फ मुरतं. डोंगराकडच्या बाजूला पाणी लागेपर्यंत खोल विहीर घेतात, तिला तिथे 'आई-विहीर' म्हणतात. तिथून अगदी मंद उताराचा बोगदा गावाकडे आणतात. मध्ये ठरावीक अंतरावर उभी भोकं, हवेसाठी आणि माती वर काढण्यासाठी. पंप नाही, रहाट नाही. पाणी स्वतःच्या वजनाने येतं. जार्चची कनात ७० किलोमीटरहून लांब आहे आणि यज्दच्या जामे मशिदीखालून जाते. तिच्या पाण्यापर्यंत उतरायला पायऱ्या आहेत, त्यांना 'पायाब' म्हणतात. त्यातला 'पाय' आपलाच सख्खा, आणि 'आब' म्हणजे पाणी, संस्कृत 'अप्'. २०१६ साली युनेस्कोने इराणच्या ११ कनाती जागतिक वारशात घेतल्या, त्यांत जार्च आहे. यज्दचं जुनं शहर २०१७ मध्ये आलं.

कनातीचं पाणी जिथे उजेडात येतं त्या जागेला 'मजहर' म्हणतात. 'जाहीर'चा आणि याचा धातू एकच: पाणी जाहीर होतं ती जागा. पेशवाई कागदपत्रं वाचणाऱ्यांनी इथे 'महजर' आठवून घोटाळा करू नये. तो 'हजर'च्या कुळातला; पंचांना हजर ठेवून केलेला निवाडा. 'ह' इकडचा तिकडे झाला की कूळच बदललं!

पाणी साठवायची घुमटाची टाकी म्हणजे 'आब-अंबार'. अंबार म्हणजे साठा, कोठार. पन्हाळ्याच्या अंबरखान्यात धान्य साठवायचे, तो याच 'अंबारा'चा. टाकीवर आणि घरांवर वारा पकडून आत सोडणारे उंच मनोरे असतात, ते 'बादगीर'. 'बाद' म्हणजे वात, वारा; 'गीर' म्हणजे धरणारा, जो आपल्या 'जहागीर'मध्ये जागा धरून बसला आहे. दौलताबाद बागेतला बादगीर तेहेतीस मीटरच्या वर आहे. त्याला 'चिमणी' म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की चिमणी धूर बाहेर काढते आणि बादगीर वारा आत घेतो.

जमिनीखालच्या अशा पाणवाटांना आपल्याकडचे शब्द हवेत तर तेही आहेत. संभाजीनगरात मलिक अंबरची 'नहर' आहे, बिदरला बहमनी काळातले 'करेज' आहेत, आणि खानदेशाला लागून असलेल्या बुऱ्हाणपुरात 'कुंडी भंडारा'. तिथे त्या उभ्या भोकांना 'कुंडी' म्हणतात. कनातीवर लिहिताना 'व्हर्टिकल शाफ्ट' लिहिण्यापेक्षा हा शब्द शंभरपट चांगला.

राहिला लिंगाचा प्रश्न. अरबीतला शेवटचा 'त' हा स्त्रीलिंगाचा प्रत्यय. 'दौलत', 'इमारत', 'हकीकत' यांतला 'त' तोच, आणि मराठीने या सगळ्या मुकाट्याने स्त्रीलिंगीच घेतल्या. तंबूची तुर्की कनात त्याच ओघात स्त्रीलिंगी झाली असावी. तेव्हा 'यज्दची कनात' लिहा.